मला आठवत नाही, असं मी म्हणाले

मोठ्या पडद्यावर माझा कोड होता. खोलीत आम्ही अकरा जण. निखिल सर, आमचे टीम लीड, खुर्चीत मागं रेलून त्यातली एकेक ओळ मोठ्यानं वाचत होते. वाचता वाचता थांबायचे, मान हलवायचे, पुढं जायचे. एकच काम मी चार ठिकाणी चार वेळा लिहिलं होतं. एकदा लिहून भागलं असतं. ते मला माहीत नव्हतं.

"ये किसने लिखा है?" त्यांनी विचारलं.

त्यांना ठाऊक होतं. प्रत्येक फाइलवर नाव असतं. तरी मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"देखो भई," सर म्हणाले, "एडमिशन में कोटा मिलता है. कंपायलर में नहीं मिलता."

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं मशीनला समजेल असं करून देणारा प्रोग्राम. चुकीचं लिहिलं की तो घेत नाही. विनोद सगळ्यांना समजला. सगळे हसले.

मीही हसले.

हे आधीच सांगून टाकते. लोक अशा गोष्टी सांगतात तेव्हा म्हणतात, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या मुठी वळल्या. माझं तसलं काही झालं नाही. मी दात दाखवून हसले, आणि सर माझ्याकडे बघतात का ते पाहिलं. त्यांनी बघितलं. त्यांना बरं वाटलं असावं. पुढची फाइल उघडली.

कोट्याचं त्यांना कळलं कसं? टीममधला एक पोरगा माझ्याच कॉलेजचा होता. प्रवेशाची यादी नोटीस बोर्डावर लागते तेव्हा नावासमोर वर्ग लिहिलेला असतो, खुला की राखीव. त्यानं तो एवढी वर्षं लक्षात ठेवला. आणि मी लपवत होते, म्हणून तर ती गोष्ट त्याला सांगण्यासारखी वाटली.

आम्ही भंडाऱ्याकडचे. बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. मी जन्मले, वाढले ते रायपूरच्या रेल्वे कॉलनीत. राज्य नवीन झालं तेव्हा मी शाळेत होते. रायपूर राजधानी झालं. खाती आली, खात्यांना कॉम्प्युटर आले, मग त्या कॉम्प्युटरवर भरायचे फॉर्म हवे झाले, आणि ते फॉर्म बनवणाऱ्या आमच्यासारख्या लहान लहान कंपन्या निघाल्या. कॉलनीत कोणी विचारलं की आई सांगायची, पोरगी राजधानीचं काम करून राहिली.

घरी आमची मले-तुलेवाली मराठी, बाहेर हिंदी. ऑफिसात कोणी विचारायचं, "मराठी हो? ब्राह्मण?" इथं पुष्कळांना मराठी म्हणजे ब्राह्मणच वाटतात. मी म्हणायची, "नागपुर साइड के हैं." हे काही उत्तर नव्हतं. पण खोटंही नाही, अशी मी माझी समजूत घालायची. नावापुढं आडनावाचं एकच अक्षर लिहायची आणि टिंब द्यायची.

एकदा ऑफिसच्या पोरींसोबत गोल बाजारात गेले होते. कोणाच्या तरी लग्नात द्यायला भांडी घ्यायची होती. दुकानासमोर रामटेके काका भेटले. बाबांचे कारखान्यातले जोडीदार, मला लहानपणी कडेवर घेऊन फिरवलेला माणूस. त्यांनी हात जोडले. "जयभीम बेटा." मी कढईकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. मी कढई उलटी करून तिचं बूड बघितलं. मग ते गेले. घरी त्यांनी कधी सांगितलं नाही. विहारात भेटले की पहिल्यासारखेच बोलायचे. मी मात्र त्यांच्याशी बोलताना जमिनीकडे बघायला लागले.

कामाची भीती आणखी वेगळी. कॉलेजात शिकलेलं नोकरीला लागेपर्यंत जुनं झालं होतं. दर काही महिन्यांनी सर कसलं तरी नवीन नाव घेऊन यायचे, "वो सब छोड़ो, अब इसमें काम होगा." बाकीचे मान हलवायचे. मीही हलवायची. मला वाटायचं, सगळ्यांना समजलं, फक्त मला नाही. विचारायला तोंड उघडलं की तो पडदा डोळ्यांसमोर यायचा. म्हणून विचारणंच बंद केलं. इंटरनेटवरून कोणाचा तरी कोड घ्यायचा, आपल्या फाइलमध्ये डकवायचा, चालला की त्याला हात लावायचा नाही. अशी मी तीन वर्षं काढली. सर एकदा म्हणाले, "अब ठीक है. सुधर गई." त्या दिवशी मी घरी पेढे नेले.

मग हेमिन आली.

भनपुरीची पोरगी. बाप ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल. सरकारी पॉलिटेक्निकमधून आलेली, शाळा सगळी हिंदी मीडियम. तिला टेस्टिंगसाठी घेतलं होतं. आम्ही बनवलेलं वापरून बघायचं आणि कुठं मोडतं ते सांगायचं, एवढं तिचं काम. तिची जागा माझ्या बाजूला.

पहिल्याच मीटिंगमध्ये सर काहीतरी समजावत होते आणि ती मध्येच म्हणाली, "सर, समझ नइ आइस." छत्तीसगढी. तिच्या तोंडून निघून गेलं. सगळे हसले, मी पण. तिचे कान लाल झाले. मग तिनं पुन्हा विचारलं, हिंदीत. "सर, समझ में नहीं आया. फिर से बताइए." सरांना पुन्हा सांगावं लागलं. ती गोष्ट मलाही त्या दिवशी पहिल्यांदा समजली.

मी तिचे उपकार मानायला हवे होते. मला तिचा राग आला. जे मी तीन वर्षं झाकून ठेवलं ते ही पोट्टी रोज चारचौघांत उघडं करत होती. हिच्या बाजूला बसलं की आपणही हिच्यातलेच दिसू, ही माझी भीती. मी जेवायला दुसऱ्या टेबलावर जायला लागले.

एकदा ती म्हणाली, "दीदी, थोड़ा कोड मेरे को भी सिखा दो न."

"खुद पढ़ो. ये स्कूल नहीं है."

आवाज माझा होता, बोलणं सरांचं.

त्या वर्षी आमच्याकडे खेड्यापाड्यातल्या मुलींच्या वसतिगृहाचं काम आलं. आधी कागदावर भरायचे ते प्रवेशाचे फॉर्म आता कॉम्प्युटरवर भरायचे होते. फॉर्म मी बनवला. नाव, आडनाव, गाव, शाळा. नाव तपासायचा तुकडा मी नेहमीसारखा कुठून तरी उचलला होता. त्यात आडनाव पाहिजेच अशी अट होती. मी ती वाचलीच नव्हती. आडनाव रिकामं राहिलं की फॉर्म एका वेगळ्या यादीत जाऊन पडायचा, आणि ती यादी कोणी उघडत नव्हतं. भरणाऱ्याला मात्र समोर दिसायचं, फॉर्म जमा हो गया है.

इकडं बस्तरकडच्या, सरगुज्याकडच्या कितीतरी पोरींना आडनाव नसतं. एकच नाव. तेवढंच त्यांचं पूर्ण नाव.

हेमिननं हे पकडलं. फॉर्म सुरू व्हायच्या आधी पकडलं. चहाच्या वेळेला ती माझ्याकडे वळून म्हणाली, "दीदी, मैंने अपनी माँ का नाम डाला. सिर्फ नाम, आगे कुछ नहीं. बोला जमा हो गया. लिस्ट में आया ही नहीं."

"ठीक है, देखती हूँ."

मी बघितलं. खरंच बघितलं. तो तुकडा उघडला आणि मला त्यातलं काही समजलं नाही. कोणाला विचारलं असतं तर थोडक्यात झालं असतं. पण मग त्याला कळलं असतं, की हे मी लिहिलेलंच नाही. मी फाइल बंद केली. दुसऱ्या दिवशी हेमिननं विचारलं, "हो गया, दीदी?"

"हव," मी म्हणाले. तिच्याच भाषेत. ती खूश झाली.

फॉर्म सुरू झाले. मुदत संपली. याद्या लागल्या. आणि एके दिवशी लांबच्या गावातली एक हेडमास्तरीण बाई तिच्या शाळेतल्या मुलींची नावं घेऊन खात्यात येऊन बसली. ती म्हणाली, सगळ्यांचे फॉर्म मी समोर बसून भरले, मग एकीचंही नाव कसं नाही? खात्यातून सरांना फोन आला. सरांनी आम्हाला त्याच खोलीत बोलावलं.

"टेस्टिंग किसने की थी?"

हेमिन उभी राहिली. "मैंने, सर. मैंने पकड़ा था. दीदी को बताया था."

सर माझ्याकडे वळले. "बताया था?"

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती. एकदा, दोनदा, तीनदा किक मारली त्यानं. एवढा वेळ होता माझ्याजवळ.

"मुझे याद नहीं, सर."

सरांनी हेमिनकडे बघितलं. "काम आता नहीं, ऊपर से झूठ. पता नहीं कहाँ-कहाँ से उठके आ जाते हैं." कोणीतरी हसलं. मग बाकीचेही हसले.

हेमिन हसली नाही. तिनं सरांकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. मग टेबलावरची वही उचलली, आपल्या जागेवर गेली, डबा पिशवीत टाकला आणि जिना उतरून निघून गेली. कोणी तिला काढलं नव्हतं. ती परत आली नाही.

मला सुटल्यासारखं वाटलं. लिहायला हात धजत नाही, पण वाटलं. दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी मी हे बाबांना सांगत बसले, जरा सजवून. ऑफिसात एक पोट्टी होती, तिच्यामुळं केवढा घोळ झाला. बाबा टीव्ही बघत होते.

"तिनं तपासलं नाई का?" त्यांनी विचारलं.

"तपासलं होतं."

"मंग सांगतलं नाई?"

"सांगतलं होतं."

"कोनाले?"

इथंही खोटं बोलता आलं असतं. "मले," मी म्हणाले.

बाबांनी टीव्ही बंद केला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"काहून केलं असं?"

"भेव वाटलं, बाबा."

"कायचं?"

मग मी सगळं सांगितलं. पडदा, कोट्याचा विनोद, मी हसले तेही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरी सांगितलं. मला वाटलं, आता बाबा चिडतील, त्या सरांना शिव्या देतील, माझ्या पाठीवर हात ठेवतील. त्यांनी यातलं काही केलं नाही.

"तुह्यासंग वाईट झालं, हे खरं हाय," ते म्हणाले. "पन त्या पोट्टीसंग तू केलं. मले सांगून काय होते? तिले सांग."

आईनं ताट वाढलं. मी जेवले नाही. एरवी ती दहा वेळा जेव म्हणते. त्या दिवशी म्हणाली नाही.

रविवारी सकाळी मी भनपुरीला गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रक उभे, खाली ग्रीस सांडलेलं, टायर पंक्चरची दुकानं. हेमिनचा पारा, म्हणजे मोहल्ला, गोदामांच्या मागं. विचारत विचारत घर सापडलं. तिची आई दारात तांदूळ निवडत बसली होती. हिचंच नाव हेमिननं माझ्या फॉर्ममध्ये टाकलं होतं.

"कोन हस, बेटी?"

"हेमिन के ऑफिस से."

"हव, आ, बइठ." तिनं लोटाभर पाणी आणून दिलं. पोरीनं तिला काही सांगितलं नव्हतं, हे त्या पाण्यावरून कळलं.

हेमिन आतून आली. बसली नाही.

"मुझे याद था," मी म्हणाले.

"मालूम है."

"माफ कर दे."

ती आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलली. "दीदी, वो लड़कियों का क्या हुआ? फॉर्म ठीक हुआ?"

मला माहीत नव्हतं. पाच-सहा दिवस मी माझ्याच अपराधाला कुरवाळत बसले होते. मी अशी कशी, माझं असं कसं झालं. त्या मुलींचं पुढं काय झालं ते मी उघडूनही बघितलं नव्हतं.

हेमिनला ते माझ्या तोंडावर दिसलं. "आप माफी माँगने इधर आ गए," ती म्हणाली. "झूठ तो उधर बोले थे."

एवढं बोलून ती आत गेली. तिची आई म्हणाली, चहा घेऊन जा. मी थांबले नाही. थांबायची माझी लायकी नव्हती.

त्या दुपारी मी तो कोडचा तुकडा वहीत उतरवला. एकेक ओळ, आणि तिच्यासमोर मराठीत, ही काय करते. जी ओळ समजली नाही तिच्यासमोर लिहिलं, समजलं नाही. वही त्या दोन शब्दांनी भरली. सोमवारी ती वही घेऊन मी सरळ माझ्या कॉलेजच्या त्या पोराकडे गेले. टीममध्ये सगळ्यात हुशार तोच, असं आम्ही मानायचो.

"ये मैंने कॉपी किया था," मी म्हणाले. "मुझे नहीं आता. समझा."

मोठ्यानं म्हणाले. बाजूच्या दोघांनी मान वर केली. त्यानं पहिल्या काही ओळी समजावल्या, मग अडकला. डोकं खाजवलं. "ये तो मैं भी उठा लेता हूँ, यार," तो हळूच म्हणाला. "सब यही करते हैं."

ज्यांच्यासारखं दिसायला मी एवढी धडपडले, ते हे. मला हायसं वाटलं नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी मी एका पोरीला खोटं पाडलं होतं.

आम्ही दोघांनी बसून ते सोडवलं. जेवणाच्या सुट्टीआधी झालं. अट काढून टाकली आणि ती बाजूला पडलेली यादी उघडली. सुकमती. बुधरी. लखमी. नावामागून नाव, प्रत्येकीची आडनावाची जागा रिकामी. यादी खाली सरकवत होते आणि ती संपत नव्हती.

ती छापून घेतली आणि मीटिंगमध्ये उभी राहिले.

"सर, गलती मेरी थी. हेमिन ने बताया था. मुझे याद था. मैंने झूठ बोला."

सर फोन बघत होते. "ठीक है, हो गया. ठीक कर दिया न? छोड़ो."

"उसको यहाँ सबके सामने झूठी बोला गया, सर. मैंने बुलवाया, आपने बोला. दोनों को माफी माँगनी चाहिए."

आता त्यांनी वर बघितलं. "तुम लोग भी न. एक-दूसरे को बचाने निकल पड़ते हो."

"कौन लोग, सर?"

"मतलब... छोड़ो."

"नहीं, बोलिए. कौन लोग?"

मी माझं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. बाप फिटर होता ते सांगितलं, आणि आजोबांना गावात कोणतं काम करायला लावायचे तेही. कोणी विचारलं नव्हतं. मग म्हणाले, "आपने कहा था, कंपायलर में कोटा नहीं मिलता. सही बात है. कंपायलर जात नहीं पूछता, सर. आप पूछते हैं."

एका हातानं खुर्ची धरली होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, माझ्या बाजूनं एक शब्द कोणी काढला नाही. सर म्हणाले, "मीटिंग ख़त्म."

नंतर माझ्याकडचं काम काढून मला टेस्टिंगला बसवलं. शिक्षा म्हणून. मी बसले. दुसऱ्याचं वापरून बघता बघता, मोडतं कुठं ते लिहिता लिहिता, जे कॉपी करून कधी कळलं नव्हतं ते कळायला लागलं. समजलं नाही की विचारते, भर मीटिंगमध्ये. आवाज अजून कापतो. सरांनी माफी मागितली नाही. हेमिनला फोन करून मी झालेलं सांगितलं, परत ये म्हटलं. "अच्छा," ती म्हणाली, आणि मग, "नहीं, दीदी." ती दुसरीकडं लागली आहे. त्यानंतर तिनं माझा फोन उचललेला नाही.

खात्यानं मुलींची दुसरी यादी काढली. बहुतेक जणी आल्या. हेडमास्तरीण बाईंना फोन करून मी एकेक नाव वाचत होते, त्या हो, हो म्हणत होत्या. सुकमतीपाशी थांबल्या.

"इसका काट दो. ये अब स्कूल नहीं आती. घरवाले बोले, लिस्ट में नाम नहीं आया, मतलब सरकार ने मना कर दिया."

मी खोडलं नाही.

चूक माझी आहे, मुलीची नाही, असं खात्यात लिहून दिलं. खाली पूर्ण नावानं सही केली. वसतिगृहाच्या वॉर्डनबाई म्हणाल्या, एक जागा महिनाअखेरपर्यंत ठेवते, पण मुलीनं आणि तिच्या आईबापांनी स्वतः यायला पाहिजे. सरांनी सुट्टी दिली नाही. मी उद्या सकाळच्या बसनं निघते आहे. पुढं जे वाहन मिळेल ते. हेडमास्तरीण बाई मला रस्त्यावर भेटणार आहेत.

मन हलकं करायला मी जात नाही. ते होणार नाही, आणि होऊ पण नये. माफीही मागणार नाही, माफी मागितली की मागणाऱ्याचंच काम होतं. सुकमतीच्या आईबापांसमोर उभी राहून सांगणार आहे, सरकारनं मना केलं नव्हतं. मी न वाचता लिहिलं, कळल्यावर गप्प बसले. पोरीची जागा तिकडं आहे, तिला घेऊन चला. शिव्या दिल्या तर ऐकणार. दारातून हाकललं तर शाळेत जाऊन बसणार, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या दारात. पोरगीच नाही म्हणाली तर परत येईन, आणि पुढच्या वर्षी प्रवेश सुरू झाले की पुन्हा जाईन. नोकरी राहिली तर सुट्टी टाकून. नाही राहिली तर तशीच.